मागल्या डाव्या चाकाचा आवाज

लिंबायत, सुरत
११ फेब्रुवारी २०२४

रघुनाथ,

राम राम. तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या दोन्ही किडन्या गेल्या, हे तू तिसऱ्या पानावर लिहिलंस. आधीची दोन पानं कपाशीवरची बोंडअळी आणि शेजाऱ्याची हरवलेली म्हैस यात घालवलीस. तुझी ही सवय जुनीच आहे. मागाच्या खात्यातही पट्टा तुटला की आधी सगळ्यांना चहा पाजायचास आणि मग सांगायचास.

मंगळवारी आणि शुक्रवारी धुळ्याला डायलिसिस. जाताना एस.टी., येताना कालीपिलीत दहा माणसांत कोंबून चाळीस किलोमीटर, आणि वहिनी सगळा रस्ता खिडकीतून ओकत येतात. हे वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एकतीस वर्षं एका खात्यात माग बांधले आपण. माझ्या घरचं माणूस गेलं तेव्हा तीन महिने मी वहिनींच्या हातचं जेवलो आहे.

आता ऐक. आमच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यापलीकडे भंगारवाल्याच्या वाड्यात एक मारुती व्हॅन पडली आहे. २०१२ची. शाळेची पोरं ने-आण करायची. टेम्पोने मागून डाव्या अंगाला ठोकली. आत कोणी नव्हतं, घाबरू नको. मागचा दरवाजा आत गेलाय, आस वाकलाय, काचा नाहीत. मालकाने वजनावर विकली. पण इंजिन जिवंत आहे. चालू करून मी त्यावर हात ठेवून पाहिलं.

आपल्या खात्यातले हिलाल आणि भिकन तयार आहेत. दोघे अजून तसेच आहेत, फक्त हिलालचे दात गेले आणि भिकनचा उरलासुरला कानही मागांच्या खडखडाटात गेला. बमरोलीला भूपेंद्रभाईंनी चार माग काढून टाकले, तो कोपरा रिकामा आहे. शेठ म्हणाले, रविवारी या, वीज माझी. चौघे मिळून जमेल तेवढे पैसे काढू आणि गाडी उभी करू. चौथा तू. तुझा वाटा म्हणजे नाही न म्हणणं. म्हटलंस तरी मला ऐकू येणार नाही.

ज्योती, आमची सून, म्हणते, बाबा, पत्रं कशाला, फोन करा. तिला काय सांगू, फोनवर आपला दोघांचा नुसता आरडाओरडा होतो आणि गल्लीला फुकट तमाशा.

तुझा
उखा


पिंपरखेडे, ता. पारोळा
२५ फेब्रुवारी २०२४

उखा,

तुझं डोकं फिरलंय. माग वेगळा आणि गाडी वेगळी. मागाचा धोटा उडाला तर एखाद्याचा डोळा जातो, गाडीचं काही उडालं तर सगळं कुटुंब जातं. तुम्ही तिघे बहिरे मिळून मोटार बांधणार, हे गावात सांगितलं तर लोक हसतील.

असं सगळं मी आधीच्या कागदावर लिहिलं होतं. मग मंगलाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी भाकरी टाकता टाकता माझ्यासमोर येऊन, ओठ नीट दिसतील अशी उभी राहून म्हणाली, "गाडीमा आडं पडाले भेटी का?"

येताना तिला फक्त आडवं व्हायचं असतं रे. चार तास ते मशीन रक्त ओढून घेतं आणि परत भरतं. त्यानंतर माणसाला बसवत नाही. कालीपिलीत ती माझ्या खांद्यावर पडते तर पलीकडचा माणूस मला कोपर मारतो. तिचा काय दोष? आणि त्याचा तरी काय, त्यालाही जागा नसते.

तो कागद फाडला. मी नाही म्हणत नाही. आपल्या पोराला, संदीपला, गाडी चालवता येते, किराणा दुकानाचा टेम्पो तोच नेतो. तो येऊन घेऊन जाईल. पैसे मात्र मी थोडे थोडे करून देईन, त्यावर वाद घालू नको.

रघुनाथ


लिंबायत, सुरत
७ एप्रिल २०२४

रघुनाथ,

आज आठवा रविवार. गाडी चार चाकांवर उभी आहे.

हिलालने पत्रा ठोकून सरळ केला. वेल्डिंगला बाहेरचा माणूस परवडत नव्हता, म्हणून तेही मीच करतो म्हणाला. पहिल्या रविवारी त्याने मागचा दरवाजा एवढा पक्का जोडला की तो उघडेचना. भिकनने वायरिंग केलं. डावा इंडिकेटर दाबला की वायपर फिरायचं. तीन रविवार तो त्याच्यामागे होता. आता वायपर गप्प आहे, पण हॉर्न कधीमधी आपल्या मनाने वाजतो असं भूपेंद्रभाई म्हणाले. आम्हाला काय कळणार!

आस मी दुसऱ्या एका मोडक्या व्हॅनचा आणला. उजव्या चाकाचं बेअरिंग घासलेलं होतं, तिथे नवं घातलं. डाव्याचं बरं वाटलं. रॉकेलने धुतलं, डोळे मिटून बोटावर फिरवलं. लोणी. तुला माहीत आहे, आपण बेअरिंग बोटाने बघतो. मोटारवाले कान लावून बघतात म्हणे, लावू देत. तेच ठेवलं. त्यात जे वाचलं त्याचा वहिनींसाठी मागे बाक केला, साडेपाच फुटी, खाली जाड फोम आणि वर निळं रेक्झिन. डोक्याकडे थोडा उंच. शिवणारा बारडोलीचा आहे, त्याने धार अशी मारली आहे की घाम आला तरी टोचणार नाही. आडं पडाले भेटी, म्हणून सांग.

मी चाक बसवल्यावर हिलालने पुन्हा आवळून बघायला पाना उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. ज्याने बांधलं त्यानेच उघडायचं. एकतीस वर्षांत तू माझ्या मागाला पाना लावला नाहीस आणि मी तुझ्या. म्हणून तर शेठलोक पाहुण्यांना आपलेच माग दाखवायचे. हिलाल दोन तास रुसून बसला होता, मग भजी आणली तेव्हा बोलला.

उखा


पिंपरखेडे
१९ मे २०२४

उखा,

संदीप एकतीसला संध्याकाळपर्यंत पोहोचेल. एक तारखेला सकाळी निघेल, म्हणजे उजेडात घाट ओलांडेल.

थोडी घाई कर असं लिहिणार होतो, पण तू करतोच आहेस. मंगलाच्या पायावर सूज आहे. दिवसाला दोन पेले पाणी, त्यापेक्षा जास्त नाही. या उन्हात. परवा ती पाणी भरताना हंड्याकडे बघत बसली होती, मी बघितलं हे तिला कळलं आणि ती हसली. मला त्या हसण्याचा राग आला. कोणावर काढायचा ते कळत नाही.

रघुनाथ


लिंबायत, सुरत
३ जून २०२४

रघुनाथ,

गाडी पोहोचली, असा संदीपचा निरोप ज्योतीने वहीत लिहून दाखवला. बरं वाटलं.

गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी ज्योतीला बाकावर झोपवून बमरोलीपर्यंत चक्कर मारली होती. म्हणाली, बाबा, पोटातलं पाणी हललं नाही. वहिनींना काही त्रास होणार नाही.

संदीपला सांगितलं आहे, पन्नासच्या वर न्यायची नाही. आणि तुला सांगतो, काही वाटलं तर मला कळव. गॅरेजवाल्यांकडे नेऊ नको. ते चांगलं असेल ते उघडतात आणि वाईट करून जोडतात. ही माझी बांधणी आहे, तिला मीच हात लावणार.

गाडी गरनाळ्यातून वर चढून दिसेनाशी झाली तरी मी उभा होतो. हिलाल म्हणाला, काय रे, पोरगी सासरी लावून दिल्यासारखा उभा आहेस. मी त्याला एक शिवी दिली. त्याला ती ऐकू आली नाही.

उखा


पिंपरखेडे
१८ ऑगस्ट २०२४

उखा,

अडीच महिने झाले, पत्र लिहिलं नाही, कारण तक्रार काही नव्हती. सुखात माणूस आळशी होतो.

मंगला आता येताना झोपून येते. पारोळ्याच्या अलीकडे संदीप तिला उठवतो तर म्हणते, आणखी एक चक्कर मार. परवाच्या रविवारी तिला कानबाईच्या सणाला माहेरी नेलं. तीन वर्षांनी गेली. भावांच्या मांडीला मांडी लावून प्रसादाचे रोट खायला बसली, एकच घास खाल्ला, पण बसली. तिच्या भावजयांनी गाडीला हळद-कुंकू लावलं. मी म्हटलं, हिच्या बापाचं नाव उखा मास्तर आहे. सगळे हसले. मी तुझ्यासाठी देवीपुढे डोकं टेकलं आणि रडलो. आता हे हिलालला दाखवू नको.

मंगला म्हणते तिला दोन ओळी लिहायच्या आहेत. मी म्हटलं कशाला, पण ऐकत नाही. खाली तिचंच अक्षर आहे.

"उखाभाऊजी, गाडी बेस शे. बाकवर मी पसरी जास. पन मांगला डावा चाकमा काहीतरी घुरघुर वाजस. यासले सांगं तं हात ठी पाहतस अन् नही म्हनतस. तुम्ही एकदाव या. मंगला."

घुरघुर म्हणे. संदीपला गाडी चालवायला लावून मी आत बसलो, खाली पत्र्यावर तळहात टेकून. मला काही लागलं नाही. तुला कळवायचं म्हणून कळवतो.

रघुनाथ


लिंबायत, सुरत
१ सप्टेंबर २०२४

रघुनाथ,

वहिनी कानबाईला गेल्या हे वाचून मी ते पान भिकनला दिलं, त्याने हिलालला. दोघांनी डोळे पुसले आणि कारखान्यातल्या धुळीवर ढकललं.

आवाजाचं म्हणशील तर स्प्रिंगच्या पाट्यांचा असेल. नवी रबरं आहेत, घासतात. किंवा मग त्या मशीनजवळ चार चार तास पडून तोच आवाज त्यांच्या कानात बसला असेल. तू हात ठेवलास ना? तुला काही लागलं नाही ना? मग झालं. आपण दोघांनी हात ठेवून बरं म्हटलं आणि त्यात खोट निघाली, असं कधी झालंय का?

सध्या माल भरपूर आहे, रजा मिळत नाही. दिवाळीला खाती बंद होतील तेव्हा येतो आणि वहिनींसमोर चाक उघडून दाखवतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नको.

उखा


पिंपरखेडे
२२ सप्टेंबर २०२४

उखा,

आवाज वाढलाय असं मंगला म्हणते. आता संदीपही म्हणतो. मी पुन्हा हात ठेवला, या वेळी थोडी थरथर लागली, पण ती रस्त्याची असेल. आमच्या रस्त्याला खड्ड्यांची काही कमी नाही.

संदीप म्हणाला, धुळ्यात दवाखान्यासमोरच एक गॅरेज आहे, आईचं मशीन चालू असतं तेवढ्यात दाखवू, चार तास नुसते बसूनच काढतो. मी नाही म्हटलं. ज्या माणसाने कोणाच्या पैशाची वाट न बघता गाडी बांधून दिली, त्याच्या कामावर दुसरा माणूस बसवायचा? संदीप म्हणाला, हे तुमचं खातं नाही. मी त्याला बोललो, नको ते बोललो. मंगला मधे पडली. "राहू दे, भाऊजी येतीन," म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. आता ती बाकावर पडली की डोक्यावरून पदर घेते आणि डाव्या कानाखाली हात ठेवते.

दिवाळीआधी एखादा रविवार निघेल का? सकाळच्या बसने ये आणि संध्याकाळी जा. मी तुला कधी असं बोलावलं नव्हतं.

रघुनाथ


लिंबायत, सुरत
९ ऑक्टोबर २०२४

रघुनाथ,

पत्र उशिरा देतोय, रागावू नको. रविवारीसुद्धा खातं चालू आहे. दिवाळीचा माल. शेठ सोडत नाहीत. २९ला खातं बंद होतं, त्याच रात्रीच्या बसने निघतो. नवं बेअरिंग खिशात घेऊन येतो. गरज आहे म्हणून नाही, वहिनींचं समाधान म्हणून.

तोवर एक कर. दर दहा किलोमीटरला थांबून चाकावर हात ठेवून बघ. हात ठेवता येत नाही इतकं तापलं तर थांबा.

उखा


पिंपरखेडे
२६ ऑक्टोबर २०२४

उखा,

मंगला मंगळवारी गेली.

आधीच्या शुक्रवारी तिला ताप होता म्हणून धुळ्याला नेलं नव्हतं. छातीत पाणी भरलं. मंगळवारी सकाळी लवकर निघालो, गाडीने वेळेवर पोहोचवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी करायचं ते केलं, दुपारी दोनला संपलं. सगळ्या रस्त्याने ती तुझ्या बाकावर आडवी होती, काही त्रास झाला नाही. तू मनाला काही लावून घेऊ नको. तुझी गाडी होती म्हणून तिचे शेवटचे पाच महिने माणसासारखे गेले.

तू येऊ नको. तेरावा दिवस नेमका भाऊबीजेला येतो. ज्योतीचे भाऊ घरी येतील, सणाला घर सोडू नये. इकडे माणसं पुष्कळ आहेत.

रघुनाथ


लिंबायत, सुरत
१० नोव्हेंबर २०२४

रघुनाथ,

तुझं पत्र आलं तेव्हा माझी पिशवी भरलेली होती. तू येऊ नको लिहिलंस तरी मी निघणारच होतो. ज्योतीने मला दारातून मागे आणलं, खुर्चीवर बसवलं आणि वहीत लिहायला लागली. संदीपने तिला फोन केला होता. तुला न सांगता. त्याच्यावर रागावू नको, त्याला एकट्याला ते पेललं नसेल.

मला सगळं कळलं. धुळ्याच्या अलीकडे, फागण्याच्या पुढे चाक जाम झालं. संदीपने गाडी कशीबशी कडेला घेतली. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली होती. अडीच तासांनी कांद्याच्या गाडीतून वहिनींना दवाखान्यात नेलं. तू मला वेळेवर पोहोचवलं असं लिहिलंस. असं खोटं तू माझ्यासाठी लिहिलंस, आणि मी तुला काय काय लिहिलं ते आता ऐक.

ज्योतीने पोटातलं पाणी हललं नाही असं म्हटलंच नव्हतं. ते मी लिहिलं. ती उठून बसली होती आणि म्हणाली होती, बाबा, मागून डाव्या बाजूने घूं घूं आवाज येतोय. माझ्या तोंडासमोर येऊन दोनदा म्हणाली. हिलाल आणि भिकन माझ्याकडे बघत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. मी मान हलवली. जसा काही आवाज ऐकला, ओळखला. म्हटलं, नवी बांधणी आहे, शे-दोनशे किलोमीटर गेली की गप्प होईल. दोघांनीही माना हलवल्या.

संदीप तेवढ्यात स्टेशनवरून यायचा होता, बाकाला पैसे गेले होते, चाक पुन्हा काढून बेअरिंग प्रेसवर न्यायचं म्हणजे आणखी आठवडा. ही सगळी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण लाज. उखा मास्तरला स्वतःच्या बांधणीचा आवाज ऐकू येत नाही, हे एका पोरीने सगळ्यांसमोर दाखवून द्यावं, हे मला सहन झालं नाही.

आणखी एक. तू बोलावल्यापासून एकाही रविवारी खातं चालू नव्हतं. चारही रविवार मी घरी होतो. एका रविवारी तर उधना स्टेशनसमोरच्या बस थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. येऊन चाक उघडलं असतं आणि वहिनींचं खरं निघालं असतं, तर तुझ्याकडे कसं बघू, असं वाटलं. आता तर तुझ्याकडे बघताच येणार नाही.

मला शिव्या दे. गावात सगळ्यांना सांग. पण त्या पत्रासारखं पत्र पुन्हा लिहू नको, माझ्याने वाचवत नाही.

उखा


पिंपरखेडे
२४ नोव्हेंबर २०२४

उखा,

तुझं पत्र आठ दिवस देवळीत पडून होतं. मला राग नाही असं लिहायला बसलो होतो. पण राग आहे. सकाळी उठल्या उठल्या असतो आणि जेवताना असतो. तू चार रविवार घरी बसलास. एक रविवार आला असतास तर मी तिला आत्ता चहाला हाक मारली असती.

पण शिव्या तुला एकट्याला कशा देऊ? गॅरेज दवाखान्यासमोरच होतं. संदीप हात जोडून म्हणत होता. मी त्याला खात्याचा कायदा सांगितला. कोणतं खातं? आता तिथे आपले मागसुद्धा नाहीत, भूपेंद्रभाईंनी काढून टाकले, तूच लिहिलं होतंस. आणि मी त्या कायद्यापायी घरातल्या पोराशी भांडलो, कारण तुझ्या कामाची इज्जत म्हणजे माझी इज्जत. तुझी खोट निघाली तर माझ्याही एकतीस वर्षांत खोट निघते, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

कान गेले, कान गेले, म्हणून आपण सगळ्या जगाला सांगत फिरलो. जावयाला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, एस.टी.च्या कंडक्टरला सांगितलं. खरंच गेले. पण मंगलाने तर लिहून दिलं होतं, उखा. तिच्या हाताने, शाईने. मी ते वाचलं आणि तूही वाचलंस. वाचायला तर आपल्याला येत होतं. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, एवढंच आपल्या दोघांच्या मनात होतं. ते कोणी लिहिलं नाही म्हणून काय झालं!

गाडी मी भंगारात घातली. कांद्याच्या व्यापाऱ्याने ओढून पारोळ्यात आणून दिली, तिथेच विकली. आत जाऊन बघितलं नाही. बाक काढून ठेवू का, असं तो विचारत होता. नको म्हटलं.

तू सध्या येऊ नको. हे मी आधी लिहिलं होतं ते तुला वाचवायला. आता माझ्यासाठी लिहितो. वर्षश्राद्धाला ये. तोवर कदाचित तुझ्यासमोर बसता येईल. नाही आलं तर मी तसं कळवीन. हिलाल-भिकनला यातलं काही सांगू नको. त्यांनी मनापासून काम केलं.

एक गोष्ट मी संदीपलाही सांगितली नाही. तुला सांगतो, कारण ती फक्त तुलाच कळेल.

गाडी कडेला लागल्यावर संदीप रस्त्यावर उभा राहून ट्रकांना हात करत होता. मी आत होतो. मंगलाला आडवं पडवेना, दम लागत होता, म्हणून मी तिला माझ्या छातीला टेकवून बसवलं होतं. तिने माझा सदरा ओढला आणि तोंड वळवून काहीतरी म्हणाली. दोन-तीन शब्द असतील. ओठ सुकले होते, नीट हलत नव्हते, मला वाचता आले नाहीत. मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती पुन्हा म्हणाली. तिचा गरम श्वास कानाला लागला, बाकी काही नाही.

मी मान हलवली. हो, हो म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने डोळे मिटले. चाळीस वर्षं ती माझ्याबरोबर राहिली. ऐकू आलं नाही की मी कशी मान हलवतो, ते तिला माहीत होतं.

रघुनाथ